जमिनीखालचा शेजारधर्म

मराठवाड्यात शेताच्या बांधावरून होणारी भांडणे काही थोडी नाहीत. शेजाऱ्याने वीतभर जमीन नांगरून आपल्यात ओढली, की मोजणी मागवली जाते, खुणेचे दगड रोवले जातात आणि प्रकरण तहसिलीतून दिवाणी न्यायालयात जाते. जमिनीच्या पृष्ठभागाविषयी माणूस इतका जागरूक असतो. त्याच बांधाच्या दोन्ही अंगांना जमिनीच्या पोटात जे घडते, त्याला मात्र ना बांध आहे, ना मोजणी, ना फिर्याद. एकाच्या विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या नव्या बोअरने ओढून नेले, तर पहिल्याने दैवाला बोल लावावा आणि दुसऱ्याने दैवाचे आभार मानावेत, अशीच रीत पडून गेली आहे.

या रीतीचा विचार करायचा, तर धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव. त्याच्याही शेकडो वर्षे आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणच्या बरोबरीने ज्या ‘तगर’ नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो आणि जिथून कापड भडोच बंदराकडे जात असे, ती पेठ म्हणजे हेच तेर. तेरणाकाठच्या या प्राचीन वस्तीचा संसार नदीच्या पाण्यावर आणि हाताने खोदलेल्या उथळ विहिरींवर चालत आला. शेकडो फूट खोल बोअर हा त्या मानाने अगदी कालचा पाहुणा. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी खडक फोडणारी यंत्रे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शिरली आणि पुढे तीच शेतीच्या कामी लागली. पन्नास वर्षांत या यंत्रांनी जमिनीवरच्या पिकांबरोबर जमिनीखालचे शेजारसंबंधही बदलून टाकले.

मूळ प्रश्न साधा आहे. जमिनीच्या पोटात एक पोकळी आधीपासून असताना तिच्या जवळ दुसरी खोदली, तर पहिलीचे काय होते? आणि तिचे जे नुकसान होते, ते कोणी सोसायचे?

भार कोणाच्या खांद्यावर?

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार झाला आहे तो बोगद्यांच्या बाबतीत. डोंगराच्या पोटातील खडक आपल्यावरील सर्व भार शांतपणे पेलत असतो. त्यात बोगदा खोदला की काढलेल्या खडकाने पेललेला भार नाहीसा होत नाही. तो कडेच्या खडकावर जाऊन पडतो. चारी बाजूंनी सारखा दाब असलेल्या एकसंध खडकात गोल बोगदा खोदला, तर त्याच्या कडेवरील दाब मूळच्या दुप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ सालीच गणिताने दाखवले. बोगद्याच्या कडेपासून त्याच्या एका व्यासाइतके दूर गेले, तर ही वाढ सुमारे ११ टक्क्यांवर येते. दोन व्यास दूर गेले, तर ४ टक्क्यांवर. नवा बोगदा जुन्याच्या शेजारी किती जवळ न्यावा, याचा विचार या उतरणीपासून सुरू होतो. जुन्या बोगद्याचे अस्तर आपल्या वाटणीचा भार आधीच पेलत उभे असते. शेजारची खोदाई त्याचा एका बाजूचा आधार सैल करते, भार वाढवते, आणि अस्तर नव्या पोकळीच्या दिशेने झुकू पाहते. माती मऊ असेल, तर जुना बोगदा खचतो. खडक पाणी धरणारा असेल, तर नवा बोगदा गटारासारखा भोवतीचे पाणी ओढून घेतो.

महानगरात याची दखल कशी घेतली जाते, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत मेट्रो तीनचा भुयारी मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरात संपूर्ण सुरू झाला. आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा रस्त्याचा जोडबोगदा हाती घेतला आहे आणि त्याची वाट याच मेट्रोच्या खालून जाते. अशा कामात खोदाईपूर्वी जुन्या बोगद्याची हालचाल किती होईल याचे गणित मांडतात, त्याच्या भिंतींवर मोजमापाची उपकरणे बसवतात, सहन होण्याजोग्या हालचालीची मर्यादा ठरवतात; मर्यादा ओलांडली जाण्याची चिन्हे दिसली, तर काम थांबवतात किंवा मधल्या खडकात सिमेंटचा रस भरून तो घट्ट करतात. हा सारा खर्च नव्या कामाच्या अंदाजपत्रकात धरला जातो. नंतर येणाऱ्याने आधीच्याला धक्का लागू देता कामा नये आणि तो लागू न देण्याची किंमत नंतर येणाऱ्यानेच मोजावी, असे तत्त्व यामागे आहे. अर्थशास्त्रात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च असा जो भेद केला जातो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. शेजाऱ्याचे नुकसान नव्या कामाच्या खर्चात धरले गेले, की ते काम खरोखर परवडते की नाही, हे कळते.

तेरच्या शिवारातील हिशेब

हेच तत्त्व तेरच्या शिवारात लावून पाहावे. तेथील जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. वरची माती, तिच्याखाली मुरूम, मग सांधे-भेगांचा खडक, आणि मध्ये कोठे तांबड्या मातीचा पातळ थर. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. घट्ट पाषाण जवळजवळ कोरडाच असतो. अशा झिजलेल्या खडकातून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के भरते.

दोन टक्के धरले, तर एक हेक्टर रानाखालची पाणीपातळी एक मीटर उतरली असता हाती येतात २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. त्याच एक हेक्टर पिकाला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची, तर लागतात ५०० घनमीटर. याचा अर्थ असा की, एका हेक्टरच्या एका पाळीसाठी अडीच हेक्टर रानाखालची पातळी एक मीटरने उतरते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. म्हणजे पाऊस नसताना पातळी एक मीटरच उतरते असे धरले, तर सरासरी शेतकऱ्याने हेक्टरभर रानाला दिलेल्या एका पाळीचे पाणी हिशेबाने त्याच्या एकट्याच्या जमिनीखालचे असू शकत नाही. त्यातील काही वाटा बांधापलीकडून येतो. यात चोरी नाही, वाईट हेतूही नाही. पाण्याचा स्वभावच तसा आहे.

ऊस घेतला तर हा हिशेब अधिक कठोर होतो. उसाला वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते आणि या भागाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. तो सगळा पिकाच्या कामी आला असे मानले, तरी उरलेले १३०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १३,००० घनमीटर, जमिनीखालून काढावे लागतात. पावसाच्या दहा टक्के पाणी मुरते असे धरले, तर एका हेक्टरात वर्षाला मुरतात ७०० घनमीटर. तेव्हा बोअरवरच्या एका हेक्टर उसाने अठरा-एकोणीस हेक्टर रानात मुरलेले पाणी प्यायलेले असते. ठिबकने हा आकडा कमी होतो; त्याचे मर्म बदलत नाही.

विहिरीतून उपसा सुरू झाला की भोवतीच्या पाणीपातळीत शंकूच्या आकाराचा खळगा पडतो. शेजारी दुसरा उपसा सुरू झाला की दोन खळगे एकमेकांत मिसळतात आणि दोघांचीही पातळी एकट्या उपशाने उतरली असती त्याहून अधिक उतरते. बोगद्याभोवतीच्या दाबाची जी कथा, तीच येथे पाण्याची. फरक इतकाच की, येथे खोल जाणारा जिंकतो. चाळीस फुटांची विहीर आटते, तेव्हा तीनशे फुटांवरच्या बोअरमधील पंप चालूच असतो. त्यातच बोअरला वरच्या भागात पुरेसे केसिंग घातले नसेल, तर वरच्या थरातील पाणी त्याच भोकातून खालच्या थरात उतरते आणि उथळ विहीर उपशाविनाही रिकामी होऊ लागते.

यावर उथळ विहिरीचा मालक जो उपाय करतो, तो अक्षरशः बोगद्याचाच आहे. तळाशी यंत्र उतरवून विहिरीच्या पोटातून चोहोबाजूंना आडवे बोअर मारले जातात. ही लहान व्यासाची भुयारे शेजाऱ्याच्या बांधाखालून केव्हा पलीकडे जातात, हे वरून कोणालाच दिसत नाही. मग शेजारीही आडवे बोअर मारतो. तिसरा शेतकरी खोल जातो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र गावाच्या कर्जात होते. नव्या भोकातून आलेले पाणी गावाच्या संपत्तीत पडलेली भर वाटते, पण त्याचा मोठा भाग जुन्या भोकातून वजा झालेला असतो. जमेची बाजू एकाच्या वहीत आणि खर्चाची दुसऱ्याच्या वहीत लिहिली गेल्याने तोटा कोणाच्याच नजरेस पडत नाही. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अडचणी पाहता या सवलतीला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु आणखी एक तास पंप चालवण्याचा सीमांत खर्च त्यामुळे शून्यावर आला, हेही खरे.

कायद्याची अर्धी दृष्टी

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात एका कापडगिरणीचे काम विहिरीच्या पाण्यावर चाले. जवळच्या जमिनीत कोळशाची खाण खोदली गेली आणि विहीर आटली. ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात १८४३ साली न्यायालयाने ठरवले की, आपल्या जमिनीत खोदणाऱ्यावर शेजाऱ्याच्या भूगर्भातील पाण्याची जबाबदारी नाही. गंमत अशी की, त्याच लँकेशरमध्ये एका गिरणीवाल्याने नवा तलाव बांधला, त्याचे पाणी जुन्या खाणकामाच्या विस्मृत विवरांतून शेजाऱ्याच्या चालू खाणीत शिरले, तेव्हा ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात १८६८ साली त्याला भरपाईस जबाबदार धरले गेले. शेजाऱ्याच्या पोकळीत पाणी घातले तर अपराध. तिच्यातून पाणी काढून घेतले तर हक्क! एका प्रकारात पाणी येताना दिसले, दुसऱ्यात जाताना दिसले नाही, एवढाच फरक. भूगर्भातील पाण्याच्या वाटा त्या काळी अज्ञात मानल्या जात, म्हणून या भेदाला निदान सबब तरी होती.

हीच कल्पना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरली. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे आपल्या जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा हक्क त्याने जमीनमालकाला दिला. जो जमिनीचा मालक तो खालच्या पाण्याचाही मालक, हा समज आजही खेड्यांत दृढ आहे. ज्याला जमीन नाही, त्याला या समजात पाण्याचा थेंबही नाही, ही गोष्ट वेगळीच.

महाराष्ट्राने या स्थितीत काही सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. पुढे त्याची जागा २००९ च्या कायद्याने घेतली. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कायद्यात विहिरींची नोंदणी, बोअरयंत्रांच्या मालकांची नोंदणी, पाणलोट समित्या आणि ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध, अशा तरतुदी आहेत. सरकारी अनुदानाच्या विहिरीसाठी दोन विहिरींत १५० मीटर अंतराची अट असते. काही दुर्बल गटांना तिच्यातून सूटही आहे. मात्र स्वतःच्या पैशाने बोअर घेणाऱ्याला शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीसाठी थांबायला लावील, असे व्यवहारात काहीच नाही. अनुदान घेणारा गरीब नियमात अडकतो आणि रोख पैसे मोजणारा मोकळा राहतो. खडकाला तर दोघांच्या पैशांतला फरक कळत नाही.

हरीम

विशेष असे की, आधुनिक शास्त्राच्या कितीतरी आधी एका समाजाने याच प्रश्नाला उत्तर शोधले होते आणि त्या समाजाची विद्या मराठवाड्यात येऊन पोहोचलीही होती. इराणात डोंगराच्या पायथ्याचे पाझराचे पाणी मैलोगणती लांब भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, गावापर्यंत आणत. या भुयारांना कनात किंवा कारेझ म्हणतात. एका भुयाराजवळ दुसरे खोदले की पहिल्याचे पाणी घटे आणि तंटे माजत. नवव्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला बिन ताहिर याने धर्मशास्त्राच्या जाणकारांना बोलावून केवळ या विषयावर ग्रंथ तयार करून घेतला. प्रत्येक जुन्या भुयाराभोवती ‘हरीम’ नावाचे संरक्षित क्षेत्र असावे आणि त्यात दुसऱ्याने पाण्यासाठी खोदू नये, हा नियम रूढ झाला. इराणच्या दिवाणी संहितेत तो विसाव्या शतकातही आला. तिच्यानुसार भुयाराची हरीम मऊ जमिनीत प्रत्येक बाजूस ५०० गज आणि कठीण जमिनीत २५० गज. त्यापुढे एक फार मोलाचे कलम आहे: एवढ्या अंतरानेही नुकसान टळत नसेल, तर ते टळेल इतके अंतर वाढवावे. अंतर हे साधन आहे, नुकसान टाळणे हे साध्य आहे, हे त्या संहितेने विसरू दिले नाही.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर बांधली, ती याच विद्येची शाखा. पाणचक्कीपर्यंत पाणी आणणारी नहर तिच्यानंतरची. पाझरावर चालणाऱ्या अशा नहरीचे आयुष्य भोवतीच्या जमिनीच्या शिस्तीवर अवलंबून असते. वाढत्या शहराने नहरींच्या वाटेवर बांधकामे केली; त्या अनेक ठिकाणी फुटल्या आणि बुजल्या. इराणातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल विहिरी आणि पंप आले, तशी असंख्य भुयारे कोरडी पडली. २०१६ साली अकरा इराणी कनातींना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच वर्षी मिरजेहून पाण्याची रेल्वे धाराशिव जिल्ह्यातून लातूरला जात होती.

नंतर येणाऱ्याचाही हक्क

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. जुन्या विहिरीला संरक्षण म्हणजे आधी आलेल्याची मक्तेदारी नव्हे काय? ज्यांच्याकडे जमीन, भांडवल आणि पत होती, त्यांनी विहिरी आधी घेतल्या. वाटणीत दोन एकर आलेला, कसेल त्याला जमीन या न्यायाने कालपरवा मालक झालेला किंवा दलित वस्तीतील शेतकरी नेमका उशिरा आला. त्याच्यापुढे हरीमची भिंत उभी केली, तर शास्त्राच्या नावाखाली जुना अन्यायच कायम होईल. शिवाय काळ्या पाषाणाच्या भेगा वेड्यावाकड्या असतात. पन्नास फुटांवरचा बोअर कधी विहिरीला धक्काही लावत नाही आणि हजार फुटांवरचा, एकाच भेगेवर असल्यास, तिला कोरडी करतो. तेव्हा केवळ टेप लावून अंतर मोजणारा नियम अन्यायाचा आणि अशास्त्रीय, असा दोन्ही अर्थांनी अपुरा ठरतो.

म्हणून मर्यादा भोकाला घालण्याऐवजी उपशाला घातली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे करून दाखवले आहे. तेथील ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली आणि अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना आवर घातला. तेथे जुना आणि नवा असा भेद न राहता सर्वांची पोकळी एकच, हे मान्य झाले. प्रत्येक गावाला तसे नेतृत्व लाभेल असे नाही. तथापि त्या नियमांचा गाभा कायद्याने आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने अन्यत्रही आणता येण्याजोगा आहे.

तेरसारख्या गावी आरंभ साध्या गोष्टींनी होऊ शकतो. गावातील सर्व विहिरी आणि बोअर यांची खोली, जागा व पंपाची शक्ती यांसह नोंदवही असावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्याच धर्तीवर गावातील काही विहिरी दरमहा मोजणे शाळेतील मुलांनाही जमेल. बोअरचे यंत्र शिवारात शिरण्यापूर्वी ग्रामपंचायतीत वर्दी द्यावी लागावी, आजूबाजूच्या विहीरमालकांना हरकत घेण्यास काही दिवस मिळावेत आणि वरच्या थराला केसिंग सक्तीचे असावे. ज्यांच्याकडे विहीर नाही, अशा लहान शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र बोअरऐवजी सामाईक विहिरीस अनुदानात अग्रक्रम मिळावा. आणि दिवाळीच्या सुमारास, पावसाचा हिशेब हाती आल्यावर, त्या वर्षी किती रानाला पाणी पुरेल हे ग्रामसभेने सांगावे. ठराव मोडणाऱ्याला रोखण्याचा अधिकार मात्र कायद्याने द्यावा लागेल. केवळ उपदेशाने पंप बंद होत नाहीत.

महानगरातील बोगद्याच्या भिंतीला दोन-चार मिलिमीटरांचा धक्का बसू नये म्हणून उपकरणे रात्रंदिवस जागी असतात आणि ते योग्यच आहे. तेरणाकाठच्या विहिरीची पातळी दोन-चार मीटरांनी उतरते, तेव्हा तिच्यासाठी काढलेले कर्ज तेवढे कायम राहते आणि त्याची नोंद फक्त सावकाराच्या वहीत होते. जमिनीखालच्या शेजारधर्माचे शास्त्र सिद्ध आहे, त्याची परंपराही या मातीला अपरिचित नाही. शेजाऱ्याचे नुकसान खोदणाऱ्याच्या हिशेबात धरायला लावणे, एवढेच काम उरले आहे, आणि ते राज्याचे व ग्रामसभेचे आहे.